एकही नातेवाईक नसलेला रस्ता

नको. नको म्हणतो ना! अहो, तुमच्या घरची वाइन चांगलीच असणार, इथवर वास येतोय, पण तो ग्लास तेवढा पुढे सरकवा, माझ्या नाकासमोर ठेवू नका... कारण मी गाडी चालवतोय! हसा, हसा. तीन वर्षं झाली, या मोल्दोव्हात असं एक गाव उरलं नाही जिथे माझ्यापुढे भरलेला ग्लास आला नाही आणि मी हात जोडून 'गाडी चालवतोय' म्हटलं नाही. मी! सेराफिम बोस्तान! ज्याच्या स्वतःच्या तळघरात दोन पिंपं आहेत, ज्याच्या बापाने बाळाला आंघोळीआधी वाइनचा वास दिला म्हणून आजीने बापाला लाटणं फेकून मारलं होतं, तो मी! आणि हे सगळं कशामुळे? एका भाड्याच्या गाडीमुळे. एकच दिवस घेतली होती हो... एकच दिवस!

ऐका. तुम्हाला सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा माझं काय चुकलं ते. ती वांग्याची चटणी जरा इकडे सरकवा. खायला बंदी नाही मला.

तर आमचा तावी, आमचा एकुलता एक मुलगा, तेव्हा अकरा वर्षं झाली होती, इटलीत बोलोन्याला. फरशा बसवतो. हात असा चांगला की तिकडचे लोक आधी नंबर लावतात. आता इथून कोण गेलं नाही सांगा! मी शिकवलेल्या एका वर्गातली अठ्ठावीस पोरं, त्यातली दोन इथे आहेत, आणि त्यातला एक पाद्री झाला म्हणून. माझी बायको दोकियासुद्धा सहा वर्षं राहून आली तिकडे, एका म्हातारीची सेवा करायला, आणि आली ती इटालियन बोलत आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत! पण ती आली परत. तावी नाही आला. तावी फोनच्या चौकटीत राहिला. रविवारी फोन लावायचा, त्याचं अर्धं कपाळ दिसायचं, 'बाबा, कसे आहात?' 'बरा आहे.' 'आई, कशी आहेस?' 'बरी आहे.' संपलं. अकरा वर्षं आम्ही त्या कपाळाशी बोलत होतो.

आणि मग एका रविवारी चौकटीत दोन कपाळं! 'बाबा, ही ऑर्नेला.' गोड पोरगी, बरं का. म्हणाली, 'आम्ही लग्न करतोय, आणि तावीला परत यायचंय, गावात स्वतःचं काम सुरू करायचंय, मी यायला तयार आहे.' दोकियाने तिथेच डोळ्याला पदर... आपलं, एप्रन लावला. मी म्हटलं, या! उद्या या! तर म्हणाली, 'पण माझ्या बाबांनी हो म्हणायला हवं. मी त्यांना एकटीच आहे, आई गेली चार वर्षांपूर्वी. ते म्हणतात, मी आधी देश बघणार आणि मग सांगणार.'

म्हणजे आता बघा! माझा मुलगा घरी येणार की नाही, हे एका माणसाच्या एका दिवसावर! व्याही येणार, देश बघणार, 'हो' म्हणाला तर तावी माझ्या अंगणात, 'नाही' म्हणाला तर तावी चौकटीत. आणि तावी हळूच काय सांगतो? 'बाबा, त्यांना आपल्या गाडीत बसवू नका हं.' आमची गाडी सोव्हिएत जमान्यातली, मागचं दार दोरीने बांधलेलं, पण दोरी नवी आहे! मी म्हटलं, का रे? तर म्हणतो, 'बाबा, ते रस्त्यांचे इंजिनिअर होते. चाळीस वर्षं रस्ते बांधलेत त्यांनी.'

रस्त्यांचे इंजिनिअर! मोल्दोव्हाचे रस्ते बघायला! अहो, दाताचा डॉक्टर आणून आमच्या शेजारच्या पाव्हेलला जांभई द्यायला सांगण्यातला प्रकार!

म्हणून गाडी भाड्याने घेतली. राजधानीत गेलो, तिथे काचेच्या खोलीत एक पोरगी, नखं अशी लांब की सही करताना पेन धरायची पंचाईत. ती वाचतेय, 'गाडीत सिगारेट नाही, प्राणी नाही, चिकट माल नाही, वासाचा माल नाही.' मी म्हटलं, 'बाई गं, मी भूगोलाचा मास्तर, माझ्याकडे नकाशाशिवाय माल कसला?' तर मान वर न करता म्हणते, 'काका, सगळे असंच म्हणतात. आणि थेंबभरही घेऊन चालवलीत तर पोलिसांच्या आधी मी बघून घेईन.' मी म्हटलं, 'अगं, एक दिवस! एक दिवस माणूस वाइनशिवाय राहू शकत नाही का?' तेव्हा तिने मान वर केली. पहिल्यांदाच. आणि माझ्याकडे अशा दयेने बघितलं... तेव्हाच समजायला हवं होतं मला!

गाडी मात्र काय! पांढरीशुभ्र, घराएवढी, आत नव्या चपलांच्या दुकानाचा वास. आणि गाडी बोलते हो! बाईच्या आवाजात! 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.' मला! एकतीस वर्षं मी या देशाच्या नकाशावर छडी ठेवून पोरांकडून नद्या पाठ करून घेतल्या, आणि मला ही बया रस्ता सांगणार? मी डावीकडे वळलो. 'मागे वळा,' म्हणते. नाही वळलो! दोकिया मागून म्हणाली, 'चला, बरं झालं. आजवर तुम्ही माझं एकटीचं ऐकत नव्हता, आता दोघींचं ऐकत नाही.'

आता खरी गोष्ट. ठरवलं होतं, व्याहींना सोरोकाचा किल्ला दाखवायचा. नदीकाठी, गोल, देखणा, दुपारी तीनचं ऊन त्याच्यावर पडलं की काय दिसतो! पण सोरोकाला मोठ्या रस्त्याने जायचं म्हणजे... तुम्ही सांगा, त्या रस्त्यावर काय आहे? नातेवाईक! ओर्हेईच्या अलीकडे दोकियाची बहीण. पलीकडे माझा आतेभाऊ. पंपाच्या वळणावर दोकियाचा धर्मबाप, तो तर दिवसभर फाटकात स्टूल टाकून बसतो, गाड्यांचे नंबर पाठ आहेत त्याला! पांढऱ्या गाडीतून, परदेशी व्याही घेऊन, न थांबता पुढे गेलो असतो तर माझ्या मयतीला कोणी आलं नसतं. आणि थांबलो असतो तर किल्ला पुढच्या वर्षी! म्हणून मी काय केलं, तीन तास... तीन तास जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलो, दोकियाकडचे लाल पेन्सिलने, माझ्याकडचे निळ्या पेन्सिलने, सगळ्या नातेवाइकांच्या गावांवर फुल्या मारल्या, आणि त्या फुल्यांमधून, आतल्या आतल्या रस्त्यांनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक रेघ काढली. एकही नातेवाईक नसलेला रस्ता! मोल्दोव्हात! अहो, हे आजवर कोणाला जमलं नव्हतं! मी दोकियाला हाक मारून दाखवला. ती नकाशाकडे बघेना, भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरकडे बघत होती. म्हणाली, 'अहो, उद्याच जायचं ठरवलंय का?' म्हटलं, उद्याच! म्हणाली, 'तुम्ही जाणते आहात.' आता बायको जेव्हा असं म्हणते तेव्हा नवऱ्याने सावध व्हावं की नको? पण मी नकाशाच्या धुंदीत!

सकाळी विमानतळावर व्याही आले. सिन्योर ग्वाल्तिएरो. उंच, सडपातळ, मिश्या कंगव्याने विंचरलेल्या, खिशात एक छोटी वही आणि तिला दोरीने बांधलेली पेन्सिल. त्यांची भाषा आणि आमची भाषा सख्ख्या चुलत बहिणी, अर्धं कळतं, उरलेलं दोकिया सांगते. मला 'प्रोफेसोरे' म्हणाले. मी जरा फुगलो. मग गाडीत बसले, आणि शहर सुटल्यावर पहिला खड्डा आला.

'म्म्,' म्हणाले.

बास. एवढंच. दुसरा खड्डा... 'म्म्.' वही काढली. काहीतरी लिहिलं. प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, गेला, तावी गेला, एक इंच मागे सरकला. मी आपलं अक्रोडाच्या झाडांकडे बोट दाखवतोय, 'बघा, दोन्ही बाजूंनी अक्रोड, मैलोगणती!' 'म्म्.' 'बघा, द्राक्षाचे मळे!' 'म्म्.' 'बघा, ही ही... टेकडी!' मला टेकडीकडे बघायचीही सोय नाही, नजर रस्त्यावर, कारण गाडी कोण चालवत होतं? मी!

आणि तेवढ्यात एक म्हातारी, हातात दोन बादल्या, रस्ता ओलांडायला निघाली. मी नीट बघितलं. रिकाम्या! दोन्ही! करकचून ब्रेक मारला. व्याही दचकले, 'काय झालं?' मी काच खाली केली, 'आजीबाई, थांबा! ओलांडू नका!'

'का रे बाबा, रस्ता तुझ्या बापाचा का?'

'रिकाम्या बादल्या घेऊन आडव्या जाऊ नका, मुलाच्या कामाला निघालोय.'

'मग मी इथेच उभी राहू का, तुझं पोर म्हातारं होईस्तोवर?'

'विहिरीवर जाऊन भरून या ना, मग ओलांडा. मी थांबतो.'

'विहीर तिकडच्या बाजूलाच आहे, शहाण्या! ओलांडल्याशिवाय भरू कशा?'

आता सांगा, काय करायचं! शेवटी मी उतरलो, दोन्ही बादल्या मी घेतल्या... नाही, मी घेऊन ओलांडल्या तरी रिकाम्याच की! म्हणून गाडीतल्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, व्याहींसाठी इटलीच्या आणल्या होत्या मुद्दाम, त्या दोन्ही बादल्यांत अर्ध्या अर्ध्या ओतल्या. म्हातारी बादलीत डोकावली, म्हणाली, 'पाण्याला बुडबुडे का येतायत रे?' मी म्हटलं, 'शुभ असतं.' आणि ती ऐटीत ओलांडून गेली. व्याही हे सगळं बघत होते. वही काढली. लिहिलं. मला वाटलं, लिहिलं असेल, मुलीचा सासरा वेडा आहे.

बरं, जाऊ दे. पहिलं गाव आलं. गावात शिरतो तर रस्त्यावर माणसंच माणसं, सगळी फाटकं सताड उघडी, अंगणाअंगणात टेबलं मांडलेली, वाद्यं वाजतायत, पोरी नटलेल्या. मी म्हटलं, कोणाचं लग्न दिसतंय. आणि मग... मग माझ्या कपाळावर घाम फुटला. मी दोकियाला विचारलं, 'आज तारीख काय गं?'

म्हणाली, 'एकवीस सप्टेंबर.'

मेरीमातेचा जन्मदिवस! अर्ध्या मोल्दोव्हाच्या गावांची जत्रा! आणि जत्रेच्या दिवशी गावात दार लावायचं नसतं आणि रस्त्याने जाणारा सोडायचा नसतो, हे मला तुम्हाला सांगायला हवं का? मी नकाशा बघितला हो, कॅलेंडर बघितलंच नाही! भूगोलाचा मास्तर, तारखांशी माझा काय संबंध! 'अगं, तू बोलली का नाहीस?' तर म्हणते, 'मी विचारलं होतं, उद्याच का. मला वाटलं, व्याहींना जत्रा दाखवायची म्हणून मुद्दामच निघताय. म्हटलं, कधी नव्हे ते डोकं चालवलं यांनी.'

एकही नातेवाईक नसलेला रस्ता! आणि त्या रस्त्यावर अख्खा गाव नातेवाईक व्हायला टपलेला!

मी म्हटलं, काचा वर करा, हळूच निघून जाऊ. तर गाडीपुढे एक आडदांड माणूस दोन्ही हात पसरून उभा. 'कोण चाललंय हो आमच्या दारावरून उपाशी?' वाकून आत बघतो... आणि किंचाळला, 'मास्तर! अहो, मी स्पिरिदोन! मागच्या बाकावरचा! तुम्ही मला नदी दाखवायला सांगितलीत आणि मी नकाशाच्या घडीवर बोट ठेवलं होतं!' आता याला कसा विसरेन? शाळा माझी तालुक्याची, नातेवाईक टाळले, पण एकतीस वर्षांची पोरं कुठे टाळणार? त्यांच्यावर फुल्या मारायच्या राहिल्याच!

नेलंच हो आत. आधी टेबल. पत्ताकोबीत गुंडाळलेला भात, कोंबडीचं आंबटसर सार, चीजच्या गरम पोळ्या, एकावर एक, ताट दिसेना. व्याही नाजूक खाणारे, त्यांनी एक पोळी संपवली, स्पिरिदोनची बायको म्हणाली, 'आवडली नाही वाटतं.' अजून चार वाढल्या. आणि मग तो क्षण... 'चला, तळघरात.'

तळघरातली रीत तुम्हाला ठाऊक आहे. एकच ग्लास. यजमान आधी पितो, मग भरतो, शेजारच्याला देतो, त्याने तळ दाखवला की पुढच्याचा नंबर. गोल. ग्लास थांबवायचा नाही. आला, आला, आला... माझ्यापाशी आला. काळी, दाट, आणि वास कसला! मी म्हटलं, 'नको. मी गाडी चालवतोय.'

वर वाजणारी वाद्यंसुद्धा थांबली असं वाटलं मला. स्पिरिदोन म्हणतो, 'मास्तर, ग्लास थांबला.'

'थांबू दे रे बाबा, कागदावर सही करून आलोय मी.'

कोपऱ्यातून स्पिरिदोनचे आजोबा, वय नव्वद, म्हणाले, 'बासष्ट सालापासून या तळघरात ग्लास थांबला नाही. माझी बायको गेली त्या दिवशीही थांबला नाही.' मग तेच म्हणाले, 'याच्या घरचं कोणी नाही का इथे? याच्या वाटचं घेईल.'

आणि मी... मी माझ्या तोंडाने बोललो हो! माझी जीभ कशी झडली नाही! मी म्हटलं, 'हे आहेत ना, माझे व्याही!'

'व्याही! मग घरचेच!' झालं! व्याहींच्या हातात ग्लास. माझ्या वाटचा. मग लगेच त्यांच्या वाटचा. दर फेरीला दोन! पहिला घेतला, 'म्म्,' म्हणाले. पण तुम्हाला सांगतो, हा 'म्म्' वेगळा होता. हा खड्ड्याचा 'म्म्' नव्हता.

निघताना स्पिरिदोनने गाडीत भोपळा ठेवला, केवढा, दहा किलोचा, मागच्या सीटवर. आणि वेताच्या जाळीतला वाइनचा बुधला, पुढे माझ्या शेजारी. मी गाडी सुरू केली तर गाडी बोंबलायला लागली, टीं टीं टीं टीं! शेजारच्याने पट्टा लावला नाही! शेवटी बुधल्याला पट्टा बांधला. मागे भोपळ्याला बांधला. एका बाजूला दोकिया, दुसऱ्या बाजूला व्याही, मधे भोपळा, आणि पुढे माझ्या मांडीला मांडी लावून वीस लिटर वाइन, आणि सबंध गाडीत एकच माणूस कोरडा! कोण? गाडी चालवणारा!

दुसरं गाव, मी कडेकडेने निघालो होतो, तर व्याहीच म्हणाले, 'प्रोफेसोरे, ते बघा, हात करतायत, थांबायला हवं ना?' तिथे कोणी विद्यार्थी नव्हता, कोणी ओळखीचं नव्हतं, नुसता एक माणूस फाटकात उभा होता, तेवढं पुरलं! परत टेबल, परत तळघर, परत 'नको, मी गाडी चालवतोय', आणि आता मला बोलावंही लागेना, व्याही स्वतःच छातीवर हात ठेवून म्हणत, 'घरचा! मी घरचा!' आणि माझा ग्लास घेत. मेंढपाळाशी मिश्यांची तुलना काय केली, कुणाच्या आजीबरोबर फेर काय धरला, एका पिंपाच्या झाकणावर रस्त्याचं पाणी काढून कसं द्यायचं याचा नकाशा काय काढून दिला! त्या गावाने गाडीत द्राक्षांच्या दोन पाट्या घातल्या, चिकट माल! तिसऱ्या गावाने लसणाची वेणी, वासाचा माल! आणि चौथ्या गावाने, अहो, नको नको म्हणत असताना, पाय बांधलेला जिवंत कोंबडा! व्याहींनी तो मांडीवर घेतला. त्याला इटालियनमधलं गाणं म्हणून दाखवलं. आणि दर गावातून निघाल्यावर वही काढायचे, पेन्सिल जिभेला लावायचे, आणि लिहायचे. मला आरशात दिसायचं. मी म्हणत होतो, आता गेलंच सगळं. दारुड्यांचा देश, खड्ड्यांचे रस्ते, सासरा वेडा, कोंबडा मांडीवर. अहो, कोणता बाप पोरगी देईल?

पाच वाजले. किल्ल्याचं ऊन गेलं. एका चढावर रंगवलेल्या छपराची विहीर होती, तिथे व्याही म्हणाले, 'थांब. पाणी.' थांबलो. दोकिया भोपळ्याला टेकून झोपली होती. आम्ही दोघं विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. आणि माझं भरून आलं हो. काय लपवायचं! दिवसभर कोरडा, दिवसभर घाबरलेला. मी म्हटलं, 'व्याही, मला माफ करा. तुम्हाला किल्ला दाखवायचा होता. हे नव्हतं दाखवायचं. आमचे रस्ते वाईट आहेत, मला माहीत आहे. पण माझा मुलगा अकरा वर्षं त्या फोनमध्ये आहे. मला तो टेबलावर हवाय. समोर. कपाळासकट हनुवटी दिसायला हवी मला त्याची. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही, पण मला तो हवाय.'

त्यांना किती कळलं कोणास ठाऊक. मग म्हणाले, अगदी हळू, तुटक तुटक, मला कळावं म्हणून, 'सेराफिम, मी चाळीस वर्षं रस्ते केले. गुळगुळीत. त्यावरून माणसं ताशी शंभरने जातात. माझी गाडी आयुष्यात फक्त पोलिसाने थांबवली. आज चार वेळा थांबवली, आणि चारही वेळा जेवायला.' मग म्हणाले, 'माझी बायको, ज्युलियाना, गेली तेव्हा शेजारच्या दाराला आठ दिवसांनी कळलं. मधे एकच भिंत आहे.' आणि नाक शिंकरलं. मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, 'हो. माझं हो.'

हो! मी उडालो! कोंबडा उडाला! दोकिया जागी झाली, 'काय झालं, किल्ला आला का?' किल्ला कसला, तावी आला! त्या क्षणी, खरं सांगतो, जगातला कोणताही माणूस पहिली गोष्ट काय करेल? बुधला उघडेल! उघडला. व्याहींना दिला. दोकियाला दिला. आणि मी? मी विहिरीचं पाणी प्यालो. कारण गाडी कोण चालवत होतं?

गाडी परत करायला गेलो तेव्हा त्या नखवालीने दार उघडलं, सीटवरून एक पीस उचललं, लांबलचक नखांच्या चिमटीत धरून माझ्यापुढे नाचवलं. म्हणाली, 'काका, नकाशाला पिसं असतात?' मी म्हटलं, 'बाई, तू कोंबडा ठेवून घे.' आणि ठेवून घेतला हो तिने!

तर मग झालं की सगळं चांगलं, म्हणाल. मे महिन्यात लग्न झालं. गावात झालं. तीन दिवस चाललं, आणि मी... कळलं ना? पाहुण्यांची ने-आण कोणी केली? जाऊ दे. मी खोली रंगवली तावीसाठी. दोकियाने पडदे शिवले. आणि सप्टेंबरात फाटकापाशी टॅक्सी थांबली, दोन मोठ्या ट्रंका उतरल्या. मी धावत गेलो, म्हटलं, आली पोरं! तर टॅक्सीतून कोण उतरलं?

व्याही!

एकटे. मिश्या विंचरलेल्या. 'सेराफिम, मी आलो. राहायला.' मी म्हटलं, 'या, या, आणि पोरं? मागून येतायत?' तर म्हणतात, 'पोरं? पोरं खूश आहेत! त्यांची मोठी अडचण होती ना, बोलोन्यात स्वतःचं घर नव्हतं. आता मी इकडे आलो, माझं घर रिकामं झालं, त्यांना देऊन टाकलं!'

समजलं? समजलं का तुम्हाला? मी एक दिवस गाडी भाड्याने घेतली, मुलगा परत आणायला. व्याहींना देश इतका आवडला की ते इकडे आले, म्हणून तिकडे घर रिकामं झालं, म्हणून माझा मुलगा तिकडेच राहिला! माझ्या हाताने! माझ्या नकाशाने! तावी फोनवर म्हणतो, 'बाबा, इतकं छान घर सोडून आता कसं यायचं सांगा.' हल्ली चौकटीत तीन कपाळं असतात, त्यातलं एक इवलंसं आहे, आणि रविवारी फोनसमोर मी आणि व्याही दोघं डोक्याला डोकं लावून बसतो, त्या इवल्या कपाळाची हनुवटी दिसते का बघत. दोकिया म्हणते, 'तुम्हाला घरात एक माणूस हवं होतं ना? आलं की! कोणतं हे तुम्ही नीट सांगितलं नव्हतं.'

आणि ती वही! शेवटी बघितली मी ती वही. खड्डे नव्हतेच हो तिच्यात. एक खड्डा नव्हता! पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'बादली भरलेली असावी.' आणि पुढे गावं. चारही गावांत चौकशी करून, कोणत्या गावाची जत्रा कोणत्या संताला, कोणत्या महिन्यात, कोणत्या तारखेला, ओळीने, सबंध देशाची यादी! जे मी एकतीस वर्षांत नकाशावर दाखवलं नाही ते या माणसाने एका दिवसात उतरवून घेतलं! आता सकाळी सात वाजता माझ्या खिडकीवर टकटक. 'सेराफिम, ऊठ! आज सेंट दिमित्री!' आणि सोरोकाचा किल्ला? नाही बघितला अजून. सतरा वेळा निघालो. वाटेत गावं आहेत ना!

आणि खाली तळघरात हा जो आवाज चाललाय, तुमचा अख्खा गाव ज्याच्याभोवती जमलाय, जो आमच्याच भाषेत आमच्याहून मोठ्याने गातोय... तोच. माझ्या वाटचा घेतोय. घरचा आहे ना.

काय? हाक मारतोय? आलो, आलो! पुढच्या गावाला पाचच्या आत पोचायचंय म्हणे, तिथलं लोणचं संपतं. चला, उठतो... अहो नाही, परत काय ग्लास पुढे करताय? मघापासून काय सांगतोय मी? ग्लास नको. ती किल्ली द्या. तिकडे, ताटाखाली आहे.